रोबो पडला आणि टाळ्या वाजल्या

सीताबर्डीपासून दहा मिनिटांवर असलेल्या एका सभागृहात विज्ञानकथांच्या चाहत्यांचं दोन दिवसांचं संमेलन भरलं होतं. एप्रिलचा रविवार. मी एका मोठ्या दवाखान्यात पंधरा वर्षांपासून नर्स आहे. त्या दिवशी वॉर्डात कोणालाही न सांगता मी हुडकेश्वरहून गाडी काढली, ती एका बाईंना बघायला. लहानपणी टीव्हीवर एका अंतराळयानाची मालिका लागायची, त्यात यानावरच्या डॉक्टरचं काम त्या करायच्या. त्यांच्यामुळे मी नर्स झाले असं म्हटलं तर खोटं ठरेल. डॉक्टर व्हायला मार्क कमी पडले म्हणून झाले. पण यानात कितीही गोंधळ उडाला तरी आवाज न चढवणारी बाई मी पहिल्यांदा तिथे पाहिली होती.

सही घ्यायला रांग लागली होती. माझ्यापुढे त्याच मालिकेतला रोबो उभा होता. म्हणजे गांधीबागेतल्या एका कापड दुकानात काम करणारा, पस्तिशीतला माणूस. फोमचे जाड तुकडे, पाण्याचे पाइप, वरून गाडीला मारतात तो चंदेरी रंग. आठ महिने लागले, असं त्यानं अभिमानानं सांगितलं. घामानं फोम खराब होऊ नये म्हणून आतून रेनकोटचं कापड लावलं होतं. डोक्यावर खोका, डोळ्यांपुढे काळी काच. त्याची बायको मागे खुर्चीत डब्याची पिशवी घेऊन बसली होती.

"पाणी प्यालात का?" मी सहज विचारलं.

"सकाळपासून नाही, ताई. हे घालून बाथरूमले कसा जाऊ?" तो हसला. "मॅडमची सही झाली की काढतो."

बाहेर ऊन त्रेचाळीसच्या वर होतं. हॉलमधले कूलर निम्मे बंद होते आणि चालू होते ते गरम हवाच फेकत होते. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण सुट्टीच्या दिवशी अनोळखी माणसाला काय शिकवायचं, म्हणून गप्प बसले. रांग इंचाइंचानं सरकत होती.

अर्ध्या तासानं मी त्याला काहीतरी विचारलं. तो म्हणाला, "कापडाचे थान मोजून झाले, दुकानाचं शटर पाडा." मला वाटलं, गंमत करतोय. मग तो पुन्हा तेच म्हणाला, आवाज जड, जीभ अडखळत. मी वाकून काचेखालच्या फटीतून पाहिलं. चेहरा लालभडक होता आणि कोरडा. त्या गर्मीत आम्ही सगळे घामानं निथळत होतो आणि त्याच्या कपाळावर थेंब नव्हता.

"यांचं डोकं काढा," मी म्हणेपर्यंत तो पडला. सरळ पुढे, तोंडावर.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मालिकेतल्या रोबोची बॅटरी दर दोन-तीन भागांनी संपायची आणि तो असाच पालथा पडायचा. सकाळी वेशभूषेच्या स्पर्धेत त्यानं हेच करून पहिलं बक्षीस घेतलं होतं. कोणीतरी शिट्टी मारली. मोबाइल वर झाले. मीसुद्धा एक-दोन सेकंद तशीच उभी राहिले, हे लिहिलंच पाहिजे. मग त्याचा हात थरथरताना दिसला आणि मी खाली बसले. आम्ही दोघा-तिघांनी त्याला उताणं केलं. गळ्याजवळच्या फटीतून बोटं घातली, तर चटका बसावा इतकी गरम कातडी.

"खरंच पडलाय," मी ओरडले. "पंखा आणा. बर्फ आणा. ॲम्ब्युलन्स बोलवा."

माइकवर आयोजकांनी विचारलं, कोणी डॉक्टर आहे का. आणि आजूबाजूच्या कितीतरी माना स्टेजकडे वळल्या. सवयच ती. सत्तरीच्या त्या बाई सहीचं पेन हातात धरून टेबलामागे उभ्या होत्या. एकजण हसला. त्या स्टेजच्या पायऱ्या उतरून आल्या, गुडघे धरत माझ्यासमोर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला यातलं काहीच येत नाही. काय करू, तेवढं सांगा."

"डोकं धरा. आणि ही गर्दी मागे घ्या."

त्यांनी मान वर केली. "सगळे मागे व्हा. मोबाइल खाली." बस, एवढंच. आवाज चढवला नाही. तीस वर्षांपूर्वी ऐकलेला तोच आवाज होता आणि लोक खरंच मागे सरकले. कोणीतरी कूलर ढकलत आणला.

डोक्याचा खोका निघाला, पण बाकीचं निघेना. त्याची बायको धावत आली होती. तिची बोटं पाठीमागचे स्क्रू शोधत होती. "ताई, दहा मिनिटं द्या, मले उघडता येते. आठ महिने रोज रात्री बसून केलं त्याईनं."

"दहा मिनिटं नाहीत."

"त्याईले काय होऊन राहिलं?"

"आत उष्णता कोंडली आहे. मेंदूपर्यंत जाईल."

पोस्टर विकणाऱ्यानं कटर दिला. छातीवरच्या फोमला मी पातं लावलं तसा तो डोळे न उघडता पुटपुटला, "नको... रंग जाईन..." आणि हातानं मला ढकललं. जोर नव्हता त्या हातात. मी थांबले नाही, पण कटर दोनदा घसरला, कारण आत रेनकोटचं कापड होतं आणि त्याच्याखाली लगेच माणूस. माझ्याच बोटाला लागलं. शेवटी बायकोनं माझ्या हातातून कटर घेतला. "मले माहीत आहे कुठं जोडलं ते," म्हणाली आणि बगलेपासून कमरेपर्यंत एका दमात चिरत गेली. रडत होती, पण हात स्थिर होता.

दारातल्या गोळेवाल्यानं बर्फाची अख्खी लादी फोडून दिली. टॉवेलात गुंडाळून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. अंगावर पाणी ओतत राहिलो. एकजण त्याच्या तोंडात सरबत ओतायला निघाला, त्याचा ग्लास मी हातानं उडवला. शुद्ध नसलेल्या माणसाच्या घशातून ते छातीत गेलं असतं. बाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन एका पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या आणि त्याच्याशी बोलत होत्या. "झालं हं, निघालंच सगळं. फार सुंदर केलंय तुम्ही. मी सकाळी स्टेजवरून बघत होते."

मग त्याला झटका आला. सगळं अंग ताठ, डोळे वर. मी त्याला कुशीवर वळवलं आणि मनातल्या मनात आकडे मोजत बसले. वॉर्डात असं होतं तेव्हा हाताशी इंजेक्शन असतं, ऑक्सिजन असतो, आवाज दिला तर डॉक्टर येतात. इथे फोमचे तुकडे होते. चाळिसाच्या पुढे कुठेतरी तो सैल पडला आणि घोरल्यासारखा श्वास आला.

ॲम्ब्युलन्स आली तेव्हा त्याची बायको आणि मी आत चढलो. बाई आयोजकांच्या गाडीतून मागोमाग आल्या. आयोजक म्हणत होते की मॅडम, लोक थांबलेत. त्या म्हणाल्या, "थांबू देत." दवाखान्याच्या बाकावर आम्ही तिघी अडीच तास बसलो. त्यांच्या रेशमी साडीला चंदेरी रंग लागला होता. त्याच्या बायकोनं डब्याची पिशवी एवढ्या धावपळीतही सोडली नव्हती. तिनं डबा उघडला आणि आम्हा दोघींपुढे पोळी-भाजी धरली. आम्ही खाल्ली.

"तुम्ही खऱ्या आहात," बाई मला मध्येच म्हणाल्या. मग डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, ताप उतरतोय, नाव सांगतोय.

किडनीवर थोडा परिणाम झाला होता. आठवडाभर ठेवलं. सुटी झाल्यावर त्याचा मला फोन आला नाही. बायकोकडून कळलं की चिंध्या झालेला रोबो पाहून तो दोन दिवस जेवला नाही, माझ्यावर रागावला होता. मलाही जरा राग आला, खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये एका दुपारी दोघं माझ्या वॉर्डात आले. तो बारीक झाला होता.

"ताई, मॅडमनं माझं डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणते हे," बायकोकडे हात करून म्हणाला. "मले काहीच आठवत नाही. रांगेत उभा होतो, मग एकदम दवाखाना. मॅडम मले काही म्हणाल्या का?"

"म्हणाल्या की."

"काय म्हणाल्या?"

औषधं द्यायला अजून वीस मिनिटं होती. मी दोघांना स्टूल दिले आणि त्याला पहिल्यापासून सगळं सांगायला बसले. मी जिथे चुकत होते तिथे त्याची बायको दुरुस्त करत होती.