रकियाचे पिवळे हात

"लपवू नकोस, उजेडात धर." हाश्मियाने रकियाचं मनगट पकडून तिला अंगणाच्या मधोमध आणलं. "हे बघ. हे विधवेचे हात आहेत?"

"कामाचे आहेत. सोडा लल्ला, वाटीतला रंग वाळतोय." नणंदेला रकिया मानाने लल्ला म्हणते.

"अंगावर पांढरं, डोक्यावर पांढरं, पायात पांढरं. आणि हात बघावेत तर नवरीचे. माझ्या भावाचा अजून चाळिसावा झाला नाही."

"नवरीची मेंदी तांबडी असते. हा पिवळा आहे. गल्लीतल्या मांजरांनाही एवढं कळतं."

"रंग तो रंग. इद्दतीच्या चार महिने दहा दिवसांत सुरमा नाही, अत्तर नाही, मेंदी नाही. मग हा कसा चालतो?"

"हा डाळिंबाच्या सालींचा आहे. डाळिंबाला नवरा मेल्याचं कोणी सांगितलं नसेल."

जिन्यावरून रकियाची मुलगी घीता म्हणाली, "आत्या, खालच्या दारापर्यंत ऐकू जातंय."

"जाऊ दे. तिचे हातही तिथूनच दिसतात. आणि धंदा बुडेल म्हणून रडू नका. या घरात काय हिचेच हात आहेत?"

ऐकू येत होतं, हे खरं. आमच्या गल्लीत दोन घरांच्या मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच जागा आहे, आणि माझ्या गच्चीवरून त्यांचं अंगण दिसतं.

रकियाचे हात मी पहिल्यापासून पिवळेच पाहिले. तिचा बाप इथे फेस शहरात रंगाऱ्यांच्या हौदांवर होता. तांबडं, निळं, हिरवं कातडं हौदात टाकून पायांनी तुडवतात. पिवळ्याचं तसं नाही. तो रंग थोडाच निघतो, हौदभर कोण करणार? कातडं पसरून तळहाताने चोळत चोळत तो जिरवावा लागतो. बापाचे गुडघे गेले तेव्हा तो कातडी घरी आणायला लागला आणि गच्चीवर मुली चोळायला बसल्या. बाकीच्या बहिणी लग्न होताच सुटल्या. रकियाच्या लग्नात मेंदी दोनदा लावली तरी हाताला धरेना. तेव्हा हीच हाश्मिया, नवऱ्याची बहीण म्हणून मिरवत, सगळ्या बायकांसमोर म्हणाली होती, "द्रिसने काविळीची मुलगी पसंत केली की काय?" नवरामुलगा द्रिस हसला होता. तो बाजारात बल्गे विकायचा. बिनटाचेच्या पिवळ्या चपला, आमच्याकडचे म्हातारे शुक्रवारी मशिदीत जाताना घालतात त्या. गिऱ्हाईक रंग उडाल्याची तक्रार घेऊन आलं की तो जोडी घरी आणून बायकोपुढे ठेवायचा. जुन्या जोड्यांना पुन्हा रंग चढवायचं काम तिथून सुरू झालं. त्याला दम लागायला लागला, दुकान गेलं. मग घर या जुन्या जोड्यांवरच चाललं.

काम दिसायला सोपं आहे. ओल्या कोंड्याने आधीचं तेल नि धूळ काढायची. सावलीत सुकवायचं. साली उकळून त्यात तुरटी घालून केलेला रंग तळहातावर घ्यायचा आणि चोळायचं. सुकलं की पुन्हा. शेवटी ऑलिव्हच्या तेलाचं बोट आणि काचेच्या गोट्याने घोटणं. फडक्याने केलं तर कडेला रेघ उठते. घीताने एकदा रबरी मोजे आणून दिले, तेही दोन दिवसांत रकियाने भांडी घासायला काढले. हाताला कातडं कुठे प्यायलंय नि कुठे तहानलंय ते कळतं, मोज्याला कळत नाही. आणि जोडी एकाच वाटीतून, एकाच दिवशी पुरी करायची. दुसऱ्या दिवशीचा रंग दुसरा निघतो. माणूस एका पायाने लग्नाला नि दुसऱ्याने मयताला निघाल्यासारखा दिसतो.

त्या दिवशी वाटीपाशी जी जोडी होती ती मशिदीत कुराण शिकवणाऱ्या फकीहांची होती. उजवी झाली होती, डावी नुसती धुतलेली.

दर गुरुवारी द्रिससाठी कुराण वाचायला येतात तसे फकीह दुपारी आले. पायात प्लास्टिकच्या सपाता. वाचून झालं, चहा झाला, आणि हाश्मियाने विषय काढलाच.

"सिदी, इद्दतीतल्या बाईने हात रंगवले तर चालतं का?"

"शोभेसाठी नाही चालत," फकीह म्हणाले.

हाश्मियाने रकियाकडे पाहिलं.

"पण पोटासाठी काम करू नये, असं मी म्हणणार नाही."

आता रकियाने हाश्मियाकडे पाहिलं.

"तरीपण हाताला रंग राहतो आणि लोक बघतात, हेही आहेच." एवढं बोलून त्यांनी स्वतःच्या सपातांकडे नजर टाकली. "माझी जोडी उद्या नमाजापर्यंत मिळेल ना?"

"उजवी झाली सिदी. डावी तुमच्या निकालासाठी थांबली आहे."

"तिला फार थांबवू नका," असं म्हणून ते उठले.

फकीह आपल्याच बाजूने बोलले असं दोघींनाही वाटत होतं. ग्लास विसळताना हाश्मिया म्हणाली, "लोक बघतात, म्हणाले ते. ऐकलंस ना? जोड्या परत देऊन टाक. इद्दत संपली की पुन्हा घे."

"तोवर सगळे नव्या शहरात जातील. तिथे फवाऱ्याने रंग मारून देतात, चहा पिऊन होईपर्यंत."

"गेले तर येतील परत. मी नव्हते बसले? माझा नवरा गेला तेव्हा कशिद्याची चौकट भिंतीकडे तोंड करून ठेवली. रेशीम रंगीत होतं म्हणून. एक शब्द बोलले नाही."

"आणि इद्दत संपल्यावर?"

"संपल्यावर काय?"

"कोण आलं?"

हाश्मिया एकच ग्लास पुसत राहिली. "कोणी नाही," ती म्हणाली. आज दूध आलं नाही हे सांगावं, त्या आवाजात. "गिऱ्हाइकांनी कशिद्याला दुसऱ्या मुली शोधल्या होत्या." मग पुढचा ग्लास उचलत, "पण माझ्याकडे कोणी बोट दाखवलं नाही."

तेव्हापासून ती भावाच्या घरात आहे. चौकट अजून जिन्याखाली आहे.

रकियाने तिच्या हातांकडे पाहिलं. बारीक बोटं, मऊ पंजा, टोकाला सुईने घट्ट झालेली कातडी. ती पाहतच राहिली, तशी हाश्मियाने ग्लास खाली ठेवून हात झग्याच्या बाहीत ओढले.

"काय बघतेस?"

रकिया उठली. वाटीत बोट बुडवून रंग पाहिला, थोडं कोमट पाणी घातलं, आणि डावा बल्गा आणून पाटावर ठेवला. स्वतः पाटापासून हातभर लांब बसली.

"घीता, खाली ये. दोघी ऐका. इद्दत संपेपर्यंत मी रंगात हात घालणार नाही."

"आली एकदाची ताळ्यावर," हाश्मिया म्हणाली.

"चोळायचं काम लल्ला करतील. या घरात माझेच हात नाहीत, हे त्याच म्हणाल्या. मी शेजारी बसून सांगेन. साली घीता उकळेल."

"मी? आणि माझे हात पिवळे झाले म्हणजे?"

"तुमची इद्दत केव्हाच संपली आहे. बाह्या वर करा लल्ला. उजवी याच वाटीतली आहे, डावी आजच व्हायला हवी. आणि उद्यापासून कोणाचीही जोडी परत जाणार नाही."