दाराशी ठेवलेली खुर्ची

दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही, आणि वाल्मीक रामटेके तिसऱ्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात राहतात. ते सरकारी नोकरीतून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, मी शाळेतून. लक्ष्मीबाई नगरातल्या क्वार्टरपासूनचा आमचा शेजार. इतक्या वर्षांत या माणसानं कुणाला एक रुपयाची टिप दिलेली मी पाहिली नव्हती.

आता या बाबतीत मीही काही उदार नाही. मला संतापच येतो. मोबाइलवरून भाजी मागवा, ती दुकानातून निघायच्या आधीच स्क्रीन विचारते, किती टिप देणार? पार्लरमध्ये बिल देऊन निघालं की मुलगी दार धरून उभी. रस्त्याकडेला गाडी लावली तर ‘मैडम, देख रहा था’ म्हणणारा कुणीतरी हजर. पण मी चरफडत का होईना, देते. रामटेके देत नाहीत. त्यांच्याकडे त्याऐवजी खुर्ची आहे.

दाराच्या आत, चपलांच्या शेजारी, वेताची. कुरियरवाला येवो, मीटर बघणारा येवो की पाण्याचा जार आणणारा सतबीर, रामटेके त्याला आधी बसवणार, ‘आप’ म्हणणार आणि घरच्याच स्टीलच्या पेल्यातून पाणी देणार. माणसं सुरुवातीला बावरतात, मग बसतात. आणि गंमत म्हणजे, वीस लिटरचा जार बाकीच्यांना खाली जिन्यापाशी मिळतो, रामटेक्यांचा थेट स्वयंपाकघरात पोचतो.

“बघा प्रभाताई,” ते मला ऐकवायचे, “इज्जत द्या, माणूस बिल्कुल मनापासून काम करतो. मालकानं पुरता पगार द्यायचा नाही आणि आपण वरून दया दाखवायची, हे काय चाललंय?”

मी मान डोलवायची. जार वर का येतो, ते मला ठाऊक होतं. सतबीर आला की रामटेक्यांच्या बायकोला, नंदाला, नेमकं खाली कचरा टाकायला जायचं असे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती त्याला वीस रुपये द्यायची. बारा वर्षं हे चाललं होतं. “ताई, ह्यांना नका सांगू हं,” असं तिनं मला बजावलं होतं.

का नको, तेही तिनंच सांगितलं. रामटेक्यांचे वडील गोंदियाकडे एका भातगिरणीत हमाल होते. दिवाळीला मालक ओट्यावर उभा राहून हमालांना बक्षिसाची नाणी वरून टाकायचा, हाताला हात लागू नये म्हणून. एका वर्षी वडिलांनी हात पुढे केला. मालकानं नाणी तरीही मातीतच टाकली. सोबत सात वर्षांचा वाल्मीक होता. तो उचलायला वाकला, तर वडिलांनी दंड धरून त्याला उभं केलं. “मजुरी हातात घ्यायची. वरून पडलेलं आपलं नाही,” ते म्हणाले. त्या दिवशी घरी नुसता मीठभात होता, हे रामटेके आजही अभिमानानं सांगतात.

या जानेवारीत नंदाच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. ती पलंगावर, आणि मंगळवारी सतबीर येणार. तिनं माझ्या मुठीत नोट कोंबली.

“तेवढं वळणावर द्याल का, ताई? जार खाली राहिला तर ह्यांना वाटेल, माणसाला इज्जत देण्यात काही अर्थच नाही. आता या वयात ते त्यांना झेपायचं नाही.”

तिचे डोळे भरले होते. मी नाही कशी म्हणणार?

सतबीर जार खांद्यावर घेऊन वळणावर आला. वय पन्नाशीचं, दम लागलेला. मी नोट दिली खरी, पण माझं शिक्षकी तोंड गप्प बसेना.

“भैया, सच बताना. ये न मिले तो ऊपर चढ़ोगे?”

त्यानं जार पायरीवर टेकवला. “झूठ नहीं बोलूँगा, मैडम. घुटने मेरे भी हैं. चढ़ता तो पैसों के लिए ही हूँ.” मग जरासा हसला. “पर बैठता कुर्सी के लिए हूँ. सारे दिन में एक वही घर है जहाँ कोई बिठाता है.”

खालच्या पायरीवर औषधांची पिशवी घेऊन रामटेके उभे होते. मफलरमधून फक्त डोळे दिसत होते, आणि ते मला बघवेनात.

“कब से?” त्यांनी विचारलं.

“शुरू से, साहब. आंटीजी देती थीं.”

ते आमच्या बाजूनं वर निघून गेले. सतबीरनं जार ठेवला आणि तो न बसताच परतला.

पुढचा आठवडाभर रामटेके नंदाला वेळेवर औषधं देत होते, गुडघे शेकत होते, पण त्या विषयावर अवाक्षर नाही. “भांडले असते तर बरं झालं असतं,” नंदा माझ्यापाशी रडली. मी स्वतःच्या जिभेला लाखोली वाहिली.

मंगळवारी त्यांनी मला हाक मारली. वेताच्या खुर्चीसमोर त्यांनी जेवणाच्या टेबलाची खुर्ची आणून ठेवली होती. त्यांनीच हाक मारून वर बोलावलेला सतबीर जार ठेवून घाईनं निघाला, तसं ते म्हणाले, “बैठिए.” त्याला पाणी दिलं आणि स्वतः त्याच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतके जवळ. खिशातून नोट काढून त्यांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली.

“ये तीन मंज़िल चढ़ने की मज़दूरी है. बख़्शीश नहीं. कम हो तो बोलिए.”

सतबीरनं तळहातावरच्या विसाच्या नोटेकडे बघितलं. “दस और, साहब. आजकल तीस चल रहा है.”

मला वाटलं, संपलं आता. पण रामटेके खो खो हसले. आठवड्यानं हसले. आणखी दहा त्याच्या हातावर ठेवले आणि आत गेले. मी मागोमाग.

नंदा उशीला टेकून बसली होती, चेहरा एवढासा झालेला. ते पलंगाच्या कडेला बसले.

“एकच सांग,” ते म्हणाले. “इतकी वर्षं देत होतीस, ते हातात देत होतीस ना?”

“हातातच,” नंदा म्हणाली. “बाबांची सून आहे मी.”

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यांना रडू आवरेना. मी हळूच बाहेर आले. सतबीर अजून खुर्चीवर बसून सावकाश पाणी पीत होता.