कपाटावरच्या प्लेटा

मी लिहावं असं माझ्याकडं फारसं काही नाही, हे आधीच सांगतो आणि त्याबद्दल माफी मागतो. आमच्या घरात आजवर लिहिलं गेलं ते लग्नपत्रिकांवरच्या पत्त्यांपुरतं. छापून येतं ते शहाण्या माणसांचं, असं मी अजूनही समजतो. शिवाय जे सांगायचंय त्यात मी काही फार चांगला दिसत नाही. मला माझ्या मित्राचा हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे, अजून वाटतो. हे कुणाला तोंडानं सांगता येत नाही, म्हणून लिहितोय.

मी मोडनिंबचा. वडील दुसऱ्याच्या टेंपोवर ड्रायव्हर, डाळिंबं भरून टेंभुर्णीला, कधी सोलापूरला. मी सोलापुरात होस्टेलला राहून एम.एस्सी. करत होतो, बायोटेक्नॉलॉजी. माझा मित्र त्याच वर्गातला, सोलापुरातच सात रस्त्याजवळ राहणारा. त्याचे आई-वडील दोघंही कॉलेजात शिकवतात. वर्गात पहिला नंबर कधी त्याचा, कधी माझा. त्यामुळं लोकांना आम्ही बरोबरीचे वाटायचो.

एकदा त्यानं मला घरी जेवायला नेलं. ताटात शेंगाचटणी, भाकरी आणि दही. त्याच्या आईनं बसता बसता विचारलं, "काय रे, आज काय बिघडवलंस?" तो म्हणाला, "सगळं." तिघंही हसले. मग वडिलांनी विचारलं, नेमकं काय बिघडलं, आणि पुढं अर्धा तास त्या ताटांवर प्रथिनांचं बोलणं चाललं. वडिलांना कळलं नाही तिथं ते सरळ म्हणाले, "हे मला माहीत नाही, परत सांग." मी मान खाली घालून जेवत होतो. घर मोठं नव्हतं, फर्निचरही साधंच. मला हेवा वाटला तो त्या "परत सांग"चा.

आमच्याकडं प्रयोगाचं सांगायला गेलो तेव्हाचं वेगळं. आईनं विचारलं, "तितं करतोस तरी काय दिवसभर?" मी म्हणालो, जिवाणू वाढवतो, मग त्यांच्यावर औषध टाकतो, बरेचसे मरतात.

"मारायचंच हाय तर वाढवतोस कशाला?"

"कोण मरतंय आणि कोण जगतंय, ते बघायचं असतं."

"आन त्याला दोन वर्सं लागत्यात?"

वडील दारात बसून हसले. "इंजान उघडून एकेक पार्ट बदलायचा न् गाडी सुरू हुती का बगायचं. तसंच काय तरी आसंल की रं?"

"तसंच आहे."

"मंग हॉर्न बदलला तर?"

"तरी सुरू होणार."

"म्हंजी हॉर्न बदलून बी तुमाला पास करत्यात. लई झाक कॉलेज हाय."

पण खरंच तसंच होतं. आमच्या मॅडमना बेंगळुरूच्या एका मोठ्या संस्थेबरोबर काम मिळालं होतं. एक प्रथिन असतं, जिवाणूला औषधापासून वाचवणारं. ते औषधाचा रेणू फोडून टाकतं. प्रथिन म्हणजे मण्यांच्या माळेसारखी अमिनो आम्लांची साखळी, आणि ती स्वतःभोवती दुमडून गोळा होते तेव्हाच काम करते. बेंगळुरूच्या लोकांनी या साखळीतला प्रत्येक मणी एकेक करून बदलला होता, मण्यांच्या वीस प्रकारांतल्या उरलेल्या एकोणीसपैकी प्रत्येक प्रकारानं. असे हजारो बदल, आणि ते सगळे एकाच छोट्या नळीत. प्रत्येक जिवाणूत एक बदल. ते प्लेटवर, म्हणजे औषध घातलेली जेली ओतलेल्या झाकणाच्या बशीवर, पसरायचे. ज्याचं प्रथिन बदलूनही चालतं तो जगणार, त्याचा ठिपका प्लेटवर उठणार. ज्याचं चालत नाही तो गेला. जगलेले सगळे खरवडून त्यांचा डीएनए बेंगळुरूला पाठवायचा. तिथलं यंत्र तो वाचून कोणता बदल किती उरला ते मोजणार. त्याचा रंगीत तक्ता यायचा, चालतं तिथं निळा आणि बिघडतं तिथं लाल. कुठला मणी महत्त्वाचा आणि कुठला हॉर्नसारखा, ते एका नजरेत कळावं म्हणून.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेत आम्हाला शिकवलेलं की प्लेटवरचा सगळ्यांत सुबक ठिपका उचलायचा. इथं तसं चालायचं नाही. मोठा, बारका, वाकडा, सगळे खरवडायचे, कुणाला मागं ठेवायचं नाही. ही पद्धत मला फार आवडली होती.

मॅडमनी आम्हा दोघांना हाच प्रयोग वेगवेगळा करायला दिला. "दोघांचं सारखं आलं तरच त्याला उत्तर म्हणायचं," त्या म्हणाल्या. "एकमेकांचं बघायचं नाही. सदतीस अंशाला ठेवा, दुसऱ्या दिवशी खरवडा." आणि मग सहज सांगावं तसं म्हणाल्या की बेंगळुरूचे सर दोघांपैकी एकाला वर्षभरासाठी तिकडं घेणार आहेत.

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. मला तिकडं जायचं होतं. तो गेला काय, राहिला काय, त्याला सारखंच होतं असं मला वाटायचं. तो नाही गेला तरी त्याच्या घरातलं जेवणाचं बोलणं कुठं जाणार नव्हतं.

आता इन्क्युबेटरचं सांगायला पाहिजे. इन्क्युबेटर म्हणजे उबेची पेटी. त्याला गरम करता येतं, गार करता येत नाही. सोलापुरात एप्रिल लागला की खोलीच त्याच्यापेक्षा गरम असते. म्हणून आमच्या डिपार्टमेंटमध्ये उन्हाळ्यात इन्क्युबेटर बंद करायची रीत आहे. प्लेटा लोखंडी कपाटावर ठेवायच्या. आमचे सीनियर तसंच करायचे, त्यांचे सीनियरही. आमचे लॅबचे मामा म्हणायचे, "वरून फुकटात सदतीस येतंय की. बटन कशाला दाबायचं?"

मीही माझ्या प्लेटा कपाटावर ठेवल्या. नीट, उलट्या, एकावर एक, झाकणावर माझ्या अक्षरात नाव घालून.

मित्रानं काय केलं, तर तो मॅडमच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा छोटा इन्क्युबेटर वापरू का? इथं एसी आहे, मलाही जरा बरं वाटेल." मॅडम हसल्या आणि किल्ली दिली. मी दारातच उभा होतो. दोन वर्षांत त्या केबिनमध्ये मी बोलावल्याशिवाय पाऊल ठेवलं नव्हतं.

तक्ते आले तेव्हा ऑनलाइन मीटिंग झाली. पडद्यावर बेंगळुरूचे सर आणि त्यांचे पाच-सहा विद्यार्थी, इकडं मॅडम, मित्र आणि मी. दोन्ही तक्ते शेजारी लावले. मित्राचा तक्ता बेंगळुरूत आधी हाच प्रयोग करून काढलेल्या तक्त्याशी जवळपास जुळत होता. माझ्यात लाल जास्त होतं. जिथं त्याचं निळं, तिथं कितीतरी जागी माझं लाल.

सरांनी इंग्रजीत विचारलं, हे कशानं झालं असेल?

मॅडम माझ्याकडं वळल्या. "सदतीसला होतं ना रे?"

"हो मॅडम," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

तेवढ्यात मित्र बोलला. "सर, आमच्याकडं उन्हाळ्यात प्लेटा कपाटावर ठेवतात. सोलापूर आहे सर हे."

पडद्यावरचे विद्यार्थी हसले. माझे कान तापले. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, कपाटावर तापमान किती होतं? आणि ते कुणालाच माहीत नव्हतं.

बाहेर चहाच्या गाड्यावर मी त्याला गाठलं. "तुला कुणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

"मग काय, तू बोलणार होतास?"

"बोललो असतो."

"कधी? दिवाळीला?"

"आणि तू केबिनमध्ये ठेवल्यास त्या काय तापमानाचा विचार करून?"

"छे रे. घाम येत होता म्हणून." त्यानं माझ्यासाठीही चहा सांगितला. "तू पण विचारायचं होतंस की, लेका. मॅडम नाही म्हणाल्या असत्या का?"

हे मला सगळ्यांत लागलं. कारण मॅडम नाही म्हणाल्या नसत्या.

दुसऱ्या दिवशी मी कपाटावर थर्मामीटर ठेवला. वर स्लॅब, स्लॅबवर दिवसभराचं ऊन. दुपारी पारा बेचाळिसाच्या वर गेला, आणि संध्याकाळी खाली यायला तयार नव्हता. मग मी डिपार्टमेंटच्या कंप्युटरवर त्या प्रथिनाचं चित्र उघडलं, दुमडलेल्या साखळीचं, आणि माझ्याकडं जास्तीचं लाल आलेला एकेक मणी त्यावर रंगवत गेलो. वरच्या पृष्ठभागावर फारसं काही रंगलं नाही. रंगला तो आतला गाभा, जिथं साखळी घट्ट बसलेली असते. म्हणजे ती प्रथिनं मोडलेली नव्हती. बदलूनही ती सदतीसला कशीबशी दुमडून काम करत होती, वरच्या उष्णतेत मात्र त्यांना तग धरता आला नव्हता. मित्राच्या तक्त्यात ती आणि धडधाकट प्रथिनं एकाच निळ्या रंगाची दिसत होती. माझ्या तक्त्यात ती वेगळी झाली होती.

त्या चित्राचा प्रिंट काढला. मग मॅडमना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, परत खाली केला. म्हणाल्या, "हे सरांना तू स्वतः लिही."

इंग्रजीत लिहायचं होतं. लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. शेवटी नाइलाजानं मित्राकडंच नेलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं आणि खदखदून हसला. "हे काय? 'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व', 'माझ्या अल्प बुद्धीनुसार'. अरे, तू अर्ज करतोयस का जामीन मागतोयस?" त्यानं माझ्या मेलमधून सगळ्या माफ्या काढून टाकल्या. राहिलं ते एवढंच की मला असं आढळलं, आणि त्याचं कारण असं असावं. मेल एकदम कुणा जाणत्या माणसाचा वाटायला लागला. त्यानं ते पाच मिनिटांत केलं, आणि चांगल्या मनानं केलं. मला ते सहन झालं नाही. मी थँक्यू म्हणालो.

सरांचं उत्तर दोन ओळींचं आलं. बघतो म्हणाले.

मग मुलाखती झाल्या, दोघांच्या एकाच सकाळी. मी सगळ्याची उत्तरं दिली. पाठच केली होती. मित्राचं झाल्यावर विचारलं तर म्हणाला, "तीनदा माहीत नाही म्हणालो. मग सरच समजावत बसले. मजा आली."

सुट्टीला मी गावी आलो. निकाल कळवतो म्हणाले होते आणि कळवत नव्हते. मी वडिलांबरोबर टेंपोवर जायला लागलो, कारण घरात बसलं की आई पंधरा मिनिटांनी विचारायची, "आला का रं फोन?" मोबाईल हातात धरून धरून गरम व्हायचा. मित्राचा मेसेज आला की हातातलं टाकून उघडायचो, आणि कसला तरी विनोद असायचा. त्याला विनोद सुचत होते याचाही मला राग यायचा.

टेंभुर्णीत क्रेट उतरवत होतो तेव्हा त्याचा फोन आला.

"भावा, आलं."

"काय आलं?"

"मेल. माझं झालं."

हातातला क्रेट मी खाली ठेवला. अभिनंदन म्हणालो. माझा आवाज बरा आला असावा, कारण तो पुढं बोलतच राहिला.

"ऐक की, अजून आहे. सरांनी आज फोन केला होता. पहिले सहा महिने मला दुसरं काहीच काम नाही, तुझाच प्रयोग. सगळे बदल परत, सदतीसला, चाळीसला, बेचाळीसला. तुझ्या मेलवरून निघालंय हे सगळं. तू खरवडलेल्यातलं जे उरलेलं फ्रीजरमध्ये आहे ना, ते पण पाठव म्हणालेत. पेपर झाला तर आपली दोघांची नावं."

"आधी कुणाचं?"

"माझं. म्हणजे, काम मी करणार ना, म्हणून."

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच होतं.

"आणि त्या कपाटाचा एक फोटो पाठवशील? सरांना बघायचंय."

पाठवतो म्हणालो. तो आणखी काहीतरी विचारत होता, स्लॅब किती उंचीवर आहे असं काहीसं. मी सांगितलं. फोन ठेवला तेव्हा वडील टेंपोच्या फाळक्यावर एक पाय ठेवून माझ्याकडं बघत होते.

"कुनाचा फोन?"

"मित्राचा. बेंगळुरूचं कळलं."

"घेतलं व्हय?"

"त्याला घेतलं."

"आन तुला?"

"मला न्हाय," मी म्हणालो. "माझा प्रयोग घेतलाय."