टेपचं दुसरं टोक

आमच्या इमारतीत तळमजल्यावर पडदे शिवणारी एक बाई राहते. सगळे तिला टेपताई म्हणतात, कारण मोजायची टेप गळ्यात नसलेली टेपताई कुणी पाहिलेली नाही. एकदा एका लग्नालाही ती तशीच गेली. टेप काढायची आठवण झाली तोवर फोटो काढून झाले होते.

बावीस वर्षं तिचा धंदा जाहिरातीशिवाय चालला. एका घरचे पडदे पाहून दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं. खिडकीची रुंदी ती वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजते. "काकू, कुठलीच खिडकी सरळ नसते. गवंडी कायम घाईत," असं मला सांगायची. मग वहीत त्या खिडकीचं छोटं चित्र काढून त्यावर आकडे लिहायची. तिनं शिवलेला पडदा आखूड आला, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही. मी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांच्या हाताखाली शिवण शिकले. टाका वाकडा गेला की बोटांवर पट्टी बसायची. त्यामुळे टाक्यांच्या बाबतीत मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही. तिचं करते.

मोठी खिडकी असली की टेपचं दुसरं टोक धरायला माणूस लागतं. ते काम तिच्या धाकट्या भावाचं. आईवडील लवकर गेले, त्याला हिनंच शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न केलं. नोकरी लागल्यावरही तो रविवारी टोक धरायला यायचा. "ताई, मी तुझा खिळा," असं म्हणायचा.

दोन वर्षांपूर्वी जाहिरात कंपनीतली त्याची नोकरी सुटली. माझ्या डायरीत ११ जूनला नोंद आहे: 'टेपताई व भाऊ संध्याकाळी आले, साडेआठपर्यंत बसले.' तिच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांमुळे बसायला जागा नसते, म्हणून ही बैठक माझ्या जेवणाच्या टेबलावर झाली.

"ताई, तुझं काम एक नंबर आहे. पण कुणाला कळतं?"

"ज्यांच्या घरी आहे त्यांना कळतं."

"आणि ज्यांच्या घरी नाही त्यांना?"

मग त्यानं कागद ओढून समजावून सांगितलं. कार्ड हातात राहतं, फोन खिशात राहतो, तेव्हा दोन्हीवर चेहरा एकच हवा. कार्ड बघून माणसानं ऑनलाइन पान उघडलं तर त्याला वाटलं पाहिजे, आपण त्याच घरात आलो. त्यानं तिच्या दोऱ्यांच्या डब्यातून एक गडद हिरवं रीळ निवडलं, तोच रंग सगळीकडे. टेपनं बांधलेल्या पडद्याचं चित्र काढलं. ओळ मी सुचवली: 'तुमच्याच खिडकीच्या मापाचे.' कार्ड, पत्रक, कापडी पिशवी आणि पडद्याच्या खालच्या दुमडीत शिवायचं लेबल, चारही वस्तूंवर तेच चित्र, तीच ओळ आणि कोपऱ्यात ठिपक्यांचा एक चौकोन.

"हा क्यूआर कोड. त्याच्यावर फोन धरला की थेट आपलं पान."

"आणि फोनच नसेल तर?"

"तर ताई, त्यांच्याकडे खिडकीही नसेल."

आम्ही तिघंही हसलो. मग त्यानं तिथंच बसून फोनवर पान उघडलं. डायरीत पुढची ओळ अशी आहे: 'मालकाच्या नावाच्या जागी त्यानं स्वतःचं नाव घातलं. मी विचारल्यावर म्हणाला, तात्पुरतं आहे.' हे मी लिहून ठेवलं, पण पुढे काही बोलले नाही. बहीणभावाच्या मध्ये आपण कशाला, असं वाटलं.

काम चांगलं झालं होतं, हे मान्य केलं पाहिजे. पानावर त्यानं तिच्या हातांचे फोटो टाकले, वहीतल्या खिडक्यांची चित्रं टाकली. लोक लेबलवर फोन धरून बघायचे आणि तिला घरी बोलवायचे. आलेल्या निरोपांना उत्तरं तो द्यायचा. "मला सुईत दोरा ओवता येतो, हे काचेवर बोट घासणं जमत नाही," असं म्हणून तिनं ते सगळं त्याच्यावर सोपवलं होतं. वर्षभर खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मग हळूहळू कामं कमी झाली. रविवारी तो यायचाही बंद झाला. "सध्या लोकांचा हात आखडलाय, ताई," असं त्यानं सांगितलं, आणि तिला ते पटलं.

९ मार्चला सकाळी मी तिच्याकडे उशांचे अभ्रे द्यायला गेले होते. तेवढ्यात एक बाई दारात आल्या आणि हातातलं पडद्याचं बोचकं त्यांनी मशीनवर टाकलं.

"हे काय शिवलंय हो? खिडकीला अर्धी चड्डी घातल्यासारखं दिसतंय!"

टेपताईनं पडद्याची खालची कड उलटी केली. "बाई, ही टीप माझी नाही. दुमड बघा, जेमतेम एका बोटाची. मी चार बोटं ठेवते, कापड आटलं तर सोडता येतं."

"कार्ड तर तुमचंच ना? शेजारणीनं दिलं. याच्यावरच फोन धरला, पसंत केले, मागवले. ती म्हणाली होती, डोळे झाकून दे, तिचं माप चुकत नाही."

कार्ड आमचंच होतं. मी माझा फोन त्या चौकोनावर धरला. पान उघडलं. तोच हिरवा रंग, तोच टेपनं बांधलेला पडदा, तिचे हात, तिची वही, माझी ओळ. तिचं नाव मात्र कुठंही नव्हतं. खाली भावाच्या आणि त्याच्या कुणा भागीदाराच्या दुकानाचं नाव, आणि ठळक अक्षरांत: 'माप तुम्ही कळवा, तयार पडदे चार दिवसांत घरपोच.'

मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा, काकू." मी परत वाचलं.

कार्ड छापणाऱ्याला आम्ही दुपारी जाऊन विचारलं. छापलेला चौकोन तसाच राहतो, पण तो उघडल्यावर कुठलं पान दाखवायचं, हे ज्याच्या नावावर आहे तो घरबसल्या बदलू शकतो. "ताई, कागद तुमचा, पण किल्ली त्याच्याकडे," एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं घरोघरच्या पडद्यांत शिवलेली लेबलं कित्येक महिने लोकांना त्याच्या दुकानात पाठवत होती.

रविवारी तिनं त्याला बोलावलं, मलाही थांबायला सांगितलं. तो आत आला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला.

"तुला सांगणारच होतो ताई. तू एकटी महिन्याला किती घरं करणार? भागीदार म्हणाला..."

"माझी वही कुणाला दाखवलीस?"

"फोटो तर तूच काढू दिलेस. पान पहिल्यापासून माझ्या नावावर आहे, विचार काकूंना. मी तुझं नाव मोठं केलं."

"नाव मोठं केलंस आणि पडदे आखूड."

"चार बोटांनी काय बिघडतं गं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मला वाटतं, इतका वेळ ती काहीतरी वेगळं ऐकायची वाट पाहत होती. "तीन मापं तुला शिकवली होती रे," एवढंच म्हणाली आणि मशीनवर बसली. तो निघून गेला.

त्या बाईंचे पडदे तिनं खाली त्याच रंगाची पट्टी जोडून लांब करून दिले. बाई वरमल्या. "तुमची चूक नसताना कशाला?" असं म्हणाल्या. "कार्ड माझं होतं," ती म्हणाली.

मग तिनं वही काढली. लेबल लावायला लागल्यापासूनची एकशे त्रेचाळीस घरं निघाली. रोज दोन-तीन घरी जायचं, स्वतःची ओळख द्यायची, झालेलं सांगायचं आणि लेबल उसवायचं. काहींना वाटलं, बाईचं डोकं फिरलंय. "अहो, छान दिसतंय, राहू द्या की!" एका घरी दारच उघडलं नाही. दोन ठिकाणी तिनं स्वतःच्या पडद्यांशेजारी भावाच्या दुकानाचे लटकलेले पाहिले, आणि लोक तिला म्हणाले, "यावेळी तुमचं काम जरा उतरलं हं." तिथं तिला पिशवीतून लेबल काढून, त्यांनाच त्यावर फोन धरायला लावून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. लोकांनी विश्वास ठेवला की नाही, तिला माहीत नाही.

माझ्या घरी ती काल आली, एकशे एकोणिसावं घर. मी चष्मा लावून बघत होते. लेबल निघाल्यावर तिथलं कापड नव्यासारखं निळं दिसलं, भोवतालचं विटलेलं. मी विचारलं, "भावाच्या घरचे पडदे?"

"त्यांना लेबल नाही, काकू. ते त्याच्या लग्नातले, चौकोनाच्या आधीचे. टोक त्यानंच धरलं होतं."

जाता जाता तिनं माझी बाल्कनीची खिडकी मोजून घेतली, तिथले पडदे आता जीर्ण झालेत. मी टोक धरायला उठले, तर तिनं मला खुणेनं बसवलं. पिशवीतून कपडे वाळत घालायचा चिमटा काढला, टेपचं टोक चौकटीला चिमट्यानं लावलं, आणि मागं मागं सरकत वर, मध्ये, खाली अशी तीन मापं घेतली.