न निघालेली हळद

शिरूर अनंतपाळच्या पुढं काळी जमीन उताराला लागते, तिथल्या एका गावात गुणाबाईच्या पायांवर पालथं न पडलेलं लेकरू शोधूनच काढावं लागेल. ती सुईण नव्हे. श्रीमंत नावाच्या चार एकरांच्या शेतकऱ्याची बायको. बाळंतपणं आता दवाखान्यातच होतात. पण बाई लेकरू घेऊन घरी आली की दुसऱ्या सकाळी लेकराला न्हाऊ घालायला गुणाबाईला बोलावणं यायचं, आणि हातातलं खुरपं ठेवून ती निघायची. कुणाकडून कधी काही घेतलं नाही. एखादीनं चोळीचा खण पुढं केला तर म्हणायची, "ठिव गं. तुझ्या पोराच्या लग्नात जेवायला बोलव, तवर जगते मी."

लेकरू न्हाऊन झोपलं की बाळंतिणीची पाळी. करडीच्या तेलात हळद कालवायची, दाट, बोटांवरून ओघळणार नाही इतकी, आणि मानेपासून टाचेपर्यंत चोळायची. मग कढत पाणी, मग धुरी, मग बाजेखाली शेगडी. ती खोली अंधारी ठेवायची. वारा लागू द्यायचा नाही. सव्वा महिना असा गेला की बाई उजेडात यायची, आणि सगळी आळी तिचा रंग बघायला जमायची. गुणाबाईचं एक ठरलेलं बोलणं होतं, "बाळंतीण पिवळी धमक उठली पायजे. पांढरी फटक उठली तर चोळणारीचे हात लाकडाचे."

तिची धाकटी लेक उज्वला पहिल्या बाळंतपणाला कंधारहून माहेरी आली, तेव्हा गुणाबाईनं तिळाच्या पोत्यावर हात ठेवून नवऱ्याला सांगितलं होतं, "औंदा माझ्याच घरी न्हाणं हाय. बघा कशी उठवते पोरीला."

उज्वलासोबत गोळ्यांचं एक पाकीट आलं होतं. गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा तिला बी प्रकारची कावीळ निघाली होती. डोळे पिवळे नव्हते, ताप नव्हता, काही दुखत नव्हतं. विषाणू यकृतात गुपचूप बसून होता. लातूरच्या डॉक्टर धम्मप्रिया यांनी रोजची गोळी लावून दिली होती आणि बजावलं होतं, बाळंतपण झालं तरी मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. बाळ झालं, त्याला जन्मताच लस आणि तयार प्रतिपिंडांची सुई टोचली. बारशाला त्याचं नाव सत्यम ठेवलं.

पण दवाखान्यातून घरी आल्या दिवशीच गुणाबाईनं ते पाकीट उचलून भिंतीतल्या देवळीत, दिव्याच्या मागं सारलं.

"माय, डॉक्टरीनबाईनं सांगितलंय," उज्वला म्हणाली.

"तिनं सांगितलं तवा लेकरू पोटात हुतं. आता ते दूध पितंय. तू खाशील ते दुधात उतरतं. तुला दुखतंय का कुठं?"

"न्हाई."

"मग? न दुखणाऱ्या दुखण्याचं औषध लेकराला कशाला पाजतीस?"

उज्वलानं लेकरू पदराखाली घेतलं. आईनं गावातली इतकी लेकरं वाढवली होती, तिच्यापुढं काय बोलणार.

महिना भरत आला तशी उज्वलाची भूक मेली. डिंकाचा लाडू तोंडाजवळ नेला की तिला मळमळायचं. अंगाला खाज सुटायची. बाज सोडून उठवत नव्हतं. गुणाबाई म्हणायची, ओल्या अंगाला असंच असतं. आणि हळद जरा जास्तच चोळायची. लेकीचा रंग बघून शेजारणी म्हणायच्या, "काकू, लेकीला सोन्यात मढवलीस गं." गुणाबाई वरून नाही म्हणायची, आतून फुलायची.

सव्वा महिना भरला. त्या सकाळी शेवटचं न्हाणं. अंगावरची सगळी हळद उतरवून, कोरं लुगडं नेसवून लेकीला अंगणात आणायचं. गुणाबाईनं हरभऱ्याचं पीठ लावलं, शिकेकाई लावली, घासलं. पाणी पिवळं गेलं. मग कमी पिवळं. मग स्वच्छ गेलं. पण लेकीची पाठ होती तशीच राहिली. तिनं पुन्हा पीठ लावलं. दंड घासला, पोटरी घासली.

"माय, हळू. सोलतीस का मला?"

"हळद निघंना गं," गुणाबाई म्हणाली.

तिनं लेकीला तशीच लुगड्यात गुंडाळून अंगणात आणलं. सव्वा महिन्यानं ऊन उज्वलाच्या तोंडावर पडलं. गुणाबाईनं अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. हळद अंगाला लावतात, केसाला लागते, नखात शिरते. डोळ्यांच्या पांढऱ्यात हळद जात नाही. तिथं पिवळं होतं, जुन्या तुपासारखं.

श्रीमंतनं जीप बोलावली.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर धम्मप्रिया यांनी रक्ताचा कागद बघितला आणि गोळी त्याच तासाला पुन्हा सुरू केली. मग गुणाबाईला बाकड्यावर शेजारी बसवलं. वयानं डॉक्टर लेकीएवढ्याच होत्या.

"मावशी, यकृताला मोठी सूज आहे. सांभाळेल की हात टेकेल, हे पुढच्या काही दिवसांत कळेल."

"नऊ महिने तर चांगली हुती, बाई. मग आता काय झालं?"

डॉक्टर सांगू लागल्या. "आपल्या अंगात राखणदार पेशी असतात. परकं काही शिरलं की धावून जातात. त्यांच्यातल्याच काही पेशींचं काम उलटं असतं, धावणाऱ्यांचा हात धरायचा. पोटात बाळ असलं की हात धरणाऱ्यांचा जोर वाढतो. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या अंगाला अर्धं परकंच. हात धरला नाही तर राखणदार बाळावर जातील. पण त्यात विषाणूचंही फावतं. आणि बाळ बाहेर आलं की हात सुटतात."

गुणाबाई म्हणाली, "घरात पाव्हणा असला की थोरला माणूस भावाभावांना दाबून ठिवतो. पाव्हणा येशीबाहेर गेला की काठ्या निघतात."

"हो. आणि काठ्या घरातच चालतात. विषाणू यकृताच्या पेशीत बसलेला. त्याला मारायचं तर ती पेशीही मरते."

"मग भांडणाचं कारणच आधी कमी करून ठिवायला पायजे हुतं."

"गोळी त्यासाठीच होती, मावशी."

आत सत्यम रडत होता.

"गोळी मी बंद केली," गुणाबाई म्हणाली. "तिनं न्हाई. तिला काय बोलू नका."

डॉक्टरांनी खोटा दिलासा दिला नाही. "गोळी चालू असतानाही काही बायकांना असं होतं. पण जोर बहुतेक कमी राहिला असता. आणि दूध चालतं या गोळीवर. हे मी तेव्हाच तुम्हाला बोलावून सांगायला हवं होतं."

त्यानंतर रोज सकाळी डॉक्टर येत आणि उज्वलाला एकच विचारत, लेकराचं नाव काय. यकृत हरू लागलं की आधी शुद्ध डळमळते, हे गुणाबाईला नर्सकडून कळलं होतं. त्या प्रश्नाच्या वेळी ती खाटेचा गज धरून उभी राही. एका सकाळी उज्वला नुसतं बघत राहिली. ओठ हलले. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. खिडकीबाहेर एसटीचा भोंगा वाजून गेला, तरी उत्तर नाही. मग तुटत तुटत आलं, "सत्... सत्यम."

त्या दिवशी गुणाबाईनं लेकराला न्हाऊ घातलं नाही. हातच उचलेनात. श्रीमंतनं कोमट पाण्यात धोतराचा सोगा बुडवून नातवाला पुसून काढलं, वेडंवाकडं, आणि म्हणाला, "लाकडाच्या हातांनी बी निघतंय थोडंफार."

दुसऱ्या सकाळी उत्तर लगेच आलं. त्याच्या दुसऱ्या सकाळी उज्वला चिडून म्हणाली, "बाई, तुम्हालाच ध्यानात राहंना का त्याचं नाव?" डॉक्टर हसल्या. गुणाबाई गज सोडून खाली बसली.

घरी सोडण्याआधी डॉक्टरांनी गुणाबाईचंही रक्त घेतलं. तोच विषाणू तिच्यातही निघाला. बहुतेक उज्वलाला तो जन्मतानाच आईकडून आला असावा, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. गुणाबाईला एकदम आठवलं. उज्वलाच्या जन्माच्या वेळी सव्वा महिन्यानंतरही तिला स्वतःला अन्न गेलं नव्हतं, आणि सासू आळीभर सांगत हिंडली होती, आमच्या सुनेला हळद लई चांगली लागली.

"मग मी कशी वाचले?"

"तुमच्या अंगातलं भांडण वेळेत मिटलं. कुणाचं मिटतं, कुणाचं नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. तुम्ही मात्र आता दर सहा महिन्यांनी यायचं."

उज्वला अजून माहेरीच आहे. रंग सावळा, पूर्वीचा. सकाळी सत्यमला पायांवर घेण्याआधी गुणाबाई देवळीतलं पाकीट काढते, गोळी लेकीच्या तळहातावर ठेवते आणि ती गिळेपर्यंत समोर उभी राहते. मग तिला दारात, उन्हाच्या पट्ट्यात बसवते. पापणी ओढून बघते. तेल गरम करते, नुसतं तेल.

परवा शेजारची पुनम बाळंत होऊन आली. तिच्या सासूनं हळदीचा वाडगा तयार ठेवला होता. गुणाबाईनं तो बाजूला सारला आणि खिडकीचं फळकूट उघडलं.

"वारा लागंल की काकू," सासू म्हणाली.

"लागू दे," गुणाबाई म्हणाली. "पुनम, हिकडं बघ. डोळे दाव."