काकांची बोटं

आमच्या शेतावर येणारे पाहुणे दोन प्रश्न घेऊनच येतात. पहिला, "हे पीक म्हणजे तेच का हो?" आणि दुसरा, आवाज खाली आणून, "मग पोलीस काही म्हणत नाहीत?" आम्ही हेम्प लावतो. गांजाची चुलत बहीण, पण सरळमार्गी. हिची गाडीभर पानं खाल्ली तरी नशा चढायची नाही, पोट तेवढं बिघडेल, असं काका प्रत्येकाला सांगायचे आणि वर "बघा खाऊन" म्हणायचे. एका शाळामास्तरांनी खरंच खाल्ली. मग ते दुपारभर आमच्या संडासाच्या आसपासच होते.

काकांचं झालं की बाबा पाहुण्यांना शेत दाखवायचे. हेम्पच्या सालीचा वाख निघतो, त्याचे दोर आणि कापड. आतल्या काडीचा भुगा होतो, तो मेंढ्यांखाली अंथरायचा. बियांचं तेल काढलं की पेंड उरते, ती मेंढ्यांना. मेंढ्यांनी घाण केलेला भुगा पुन्हा शेतात. "इथे काहीही वाया जात नाही," हे बाबांचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं. पाहुणे मान डोलवायचे, फोटो काढायचे आणि शहरात परत जायचे. काम आम्ही करायचो.

बाबा एका उन्हाळ्यात गेले. पीक माझ्या खांद्याला लागलं होतं. ते सकाळी बांधावरून चालत होते आणि नंतर चालत नव्हते, एवढंच मला सांगता येतं. लोक आले, मी सगळ्यांना चहा दिला, कप धुतले, मोजून फळीवर लावले. मला रडू आलं नाही. "खंबीर आहे पोरगी," असं कुणीतरी म्हणालं. मी खंबीर नव्हते. माझ्या आत कुणीतरी मुख्य स्विच बंद करून निघून गेलं होतं आणि मी अंधारात भांडी लावत होते.

शेतावर राहिलो आम्ही दोघं, मी आणि काका. बाबांचे धाकटे भाऊ, वय अडुसष्ट, अंगाने किरकोळ. काकू जाऊन बारा वर्षं झाली. त्यांची मुलगी, माझी चुलत बहीण, शहरात असते. मी तिला ताई म्हणते. बाबांचं सगळं आटोपल्यावर तिने स्वयंपाकघरात विषय काढला.

"पप्पा, आता तुम्ही माझ्याकडे चला. खोली रिकामीच आहे."

"हात चालतायत तोवर इथेच," काका म्हणाले. "हात थांबले की मी स्वतः फोन करीन. मग एक दिवससुद्धा कुणावर ओझं होऊन राहणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

काका दिलेला शब्द पाळणारे आहेत, हे ताईला माहीत होतं. मलाही.

आणि हात म्हणजे काय, तर आमचं निम्मं शेत त्या हातांवर चालायचं. कापलेलं हेम्प आम्ही शेतातच पसरून ठेवतो, रोजच्या दवाने साल काडीपासून सुटू लागते. दोन दिवस आधी उचललं तर साल चिकटून राहते, दोन दिवस उशीर झाला तर वाख कुजतो. काका एक काडी बोटांत फिरवायचे आणि सांगायचे, "परवा." मग ते परवाच. मेंढ्यांचंही तसंच. लोकर वाढली की सगळ्या मेंढ्या सारख्याच गुबगुबीत दिसतात, आत हाडांचा सापळा असला तरी. म्हणून मेंढा सोडायच्या आधी प्रत्येकीची पाठ चाचपायची. शेवटच्या बरगडीमागे, कण्यावर बोटं दाबायची. भरलेली असेल तर निळा खडू, रोडावलेली असेल तर लाल. लाल खडूवालीला जास्त पेंड. इथे चूक झाली तर पाच महिन्यांनी विताना ती मेंढी तरी जाते, नाहीतर कोकरू.

त्या वर्षी काका चाचपत होते आणि मी खडू लावत होते. "भरलेली. भरलेली. रोड." नेहमीपेक्षा भराभर चाललं होतं. मध्येच कान फाटलेली म्हातारी मेंढी आली. "भरलेली," काका म्हणाले. मला तिचा पायऱ्यापायऱ्यांचा कणा शेजारून नुसता हात टेकला तरी लागला. मी निळा खडूच लावला. पुढच्या दहा-बाराजणींनंतर लक्षात आलं, काका गेल्या वर्षीचं सांगत होते. कोण कशी होती ते त्यांना पाठ होतं, कण्यावर दाबलेल्या बोटांना मात्र काही लागत नव्हतं.

मग बाकीचंही दिसू लागलं. चहाचा पेला ते दोन्ही हातांत धरायचे. काडी फिरवण्याऐवजी आता दाताने चावून बघायचे. एकदा चुलीजवळ त्यांची करंगळी भाजली ती त्यांना वासाने कळली.

मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी त्याच संध्याकाळी फोन लावला असता आणि मी एवढ्या मोठ्या घरात एकटी उरले असते. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. मी फक्त दुसऱ्या दिवशी उजाडताच उठले, एकशे चौदा मेंढ्या पुन्हा चाचपल्या आणि एकवीस खुणा पुसून नव्या केल्या. काका न्याहारीला आले. कुंपणापाशी थोडा वेळ उभे राहिले. "आज वारा आहे," एवढंच म्हणाले.

हिवाळा असाच गेला. शेडमध्ये काड्या मोडायचं यंत्र दिवसभर खडखडायचं. आमच्या केसांत, भुवयांत, ताटात काडीचा भुसा. आम्ही दोघं दिवसाला वीसेक शब्द बोलत असू, त्यातले निम्मे यंत्राला उद्देशून. मी जेवायचे, पण काय जेवले ते विचारलं तर सांगता आलं नसतं. रात्री झोप छान लागायची. ताईचा फोन आला की मी सांगायचे, "ठीक आहेत. हात काय, माझ्यापेक्षा बरे." खोटं बोलताना जीभ एकदाही अडखळली नाही, याचं मला नवल वाटायचं.

थंडी ओसरली आणि मेंढ्या व्यायला लागल्या. पहिल्या चाळीसजणी आपापल्या सुटल्या. एका सकाळी दहाच्या सुमारास एक पहिलटकरीण अडली. तासभर कळा देत होती आणि बाहेर दिसत होता एकच खूर. डॉक्टरांना फोन केला. ते दुसऱ्या शेतावर होते, दीड तास लागेल म्हणाले. अशा वेळी आत हात घालायचं काम काकांचं. त्यांचा हात अरुंद आहे. माझा बाबांवर गेलाय, फावड्यासारखा.

काकांनी बाही वर केली, हात धुतला, तेल लावलं, भुग्यावर आडवे झाले. एरवी हात आत गेला की ते डोळे मिटतात. त्या दिवशी डोळे सताड उघडे होते आणि ते समोरच्या फळीकडे बघत होते. मेंढी ओरडली. काकांच्या कपाळावर घाम आला. मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं म्हणजे फार होतात.

"दोन पाय आहेत," ते म्हणाले. "डोकं आहे."

"मग ओढा."

त्यांनी ओढलं नाही. पोटात जुळी असली तर एक पाय एकाचा आणि दुसरा दुसऱ्याचा असू शकतो. तसेच ओढले तर दोन्ही कोकरं एकमेकांत अडकून मरतात आणि आईही हातची जाते. ओढायच्या आधी बोटांनी पायावरून वर जाऊन खांदा शोधायचा असतो. काकांना पाय लागत होता तो मनगटाला. त्याच्या पुढचं बोटांचं काम होतं.

ते ओढू शकले असते. बरोबर निघण्याची शक्यता निम्मी होती आणि निघालं असतं तर कुणाला काही कळलं नसतं. काकांनी हात बाहेर काढला.

"पाय एकाचे की दोघांचे, मला कळत नाही," ते म्हणाले. "तू घाल."

"माझा हात मोठा आहे, काका."

"मोठा असू दे. जागा आहे ना? घाल."

मी तेल लावलं. आत गरम होतं आणि इतकं घट्ट, की कळ आली तेव्हा माझी बोटं चेचली जातील असं वाटलं. काका माझ्या कानाशी बोलत राहिले. "घाई नको. कळ जाऊ दे. आता एक पाय धर. त्याच्यावरून वर जा. गुडघा लागला? आणखी वर. खांदा. खांद्यावरून आडवी जा, मान यायला पाहिजे."

"नाही येत. दुसरीकडेच जातंय."

"म्हणजे तो पाय मागच्याचा. लोट त्याला आत. हळू. आता डोक्यापासून खाली ये, त्याचा स्वतःचा पाय शोध."

तो दुमडून पोटाखाली गेला होता. सापडला. वीस मिनिटांत पहिलं बाहेर आलं, मागोमाग दुसरं. मी त्यांची नाकं पुसली. दोन्ही शिंकली. मेंढी वळून त्यांना चाटू लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मी उठून फळीवरच्या तक्त्यात वेळ लिहिली.

काका बादलीत हात धूत होते. खूप वेळ धूत होते.

"एकवीस खुणा बदलल्यास तू," ते पाठमोरेच म्हणाले. "हिवाळाभर त्यांची चाल बघत होतो. तुझ्या एकोणीस बरोबर होत्या."

दुपारी त्यांनी ताईला फोन केला. ती म्हणाली, हा रविवार जमणार नाही, दहा दिवसांनी पुढच्या रविवारी गाडी घेऊन येते.

त्या दहा दिवसांत काकांनी मला तीनदा विचारलं. सरळ नाही, त्यांच्या पद्धतीने. पहिल्यांदा म्हणाले, "पेरणीला माणूस लागेल तुला." मी म्हणाले, बघते कुणीतरी. मग एकदा, "या राहिलेल्या सात व्याल्या असत्या म्हणजे बरं झालं असतं." मी म्हणाले, डॉक्टरांचा नंबर आहे. शनिवारी ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. "मग जाऊ ना?"

"मोठी बॅग माळ्यावर आहे," मी म्हणाले. "काढून देते."

हे वाक्य मी आजवर किती वेळा आठवलं असेन. मनात दुष्टावा नव्हता. ज्याचे हात गेले त्याला थांबवायचं म्हणजे त्याला राबवून घ्यायचं, अशी काहीतरी समजूत मी करून घेतली होती. खरं तर आत काहीच हलत नव्हतं आणि न हलण्याची मला सवय झाली होती. मी स्टूल आणलं, बॅग काढली, तिच्यावरची धूळसुद्धा पुसून दिली.

रविवारी ताई आली. चहा झाला. बॅग डिकीत गेली. काका पुढच्या सीटवर बसले. ताईने वाकून त्यांचा पट्टा लावला, खट्ट आवाज झाला. ती वळसा घालून आपल्या बाजूला बसली आणि गाडी सुरू केली. मी खिडकीपाशी उभी होते. "पोचल्यावर फोन करा" म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

"काका, मला एकटीला नाही राहता येणार."

ताई माझ्याकडे बघू लागली. "अगं, मग आधी बोलायचंस ना! आणि त्यांचे हात—"

"हात माझे आहेत," मी म्हणाले. माझा आवाज फाटला होता आणि नाकातून पाणी वाहत होतं. हे सगळं दुसऱ्याच कुणाचं होत असल्यासारखं मला दिसत होतं. "मला ते नुसते शेजारी बसून सांगायला पाहिजेत. नाही सांगितलं तरी चालेल. नुसते बसले तरी चालेल."

काका समोर काचेतून बघत होते. ताईने गाडी बंद केली. मग काकांचा हात कमरेशी गेला, पट्ट्याच्या बटणावर इकडून तिकडे फिरला, घसरला, पुन्हा फिरला. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतःसाठी माझ्याकडे एकदाही मदत मागितली नव्हती.

"हे जरा सोडव," ते म्हणाले. "मला बटण लागत नाही."

मी दार उघडलं, आत वाकले आणि बटण दाबलं.