पंधरा नंबरचं पातं

परवा इंदिरानगरच्या दवाखान्यात माझे वडील, अण्णा, टेबलावर पालथे झोपले होते. त्यांच्या पाठीवरची गाठ काढायची होती. डॉक्टर सिस्टरना म्हणाल्या, "पंधरा नंबर द्या," आणि ब्लेडची चकचकीत पुडी टर्रकन फाटली. त्या आवाजासरशी मी पुन्हा दुसरीतली मुलगी झाले.

तेव्हा सायखेड्याला माझ्या तळहातात बाभळीचा काटा मोडून खोल रुतला होता. दवाखान्यात स्पिरिटचा वास कोंदलेला, आणि मला मांडीवर आवळून बसलेले अण्णा. सिस्टरनी अकरा नंबरचं ब्लेड उचललं, तर डॉक्टर म्हणाले, "ते नको, पंधरा द्या." मला वाटलं, चपलेचा नंबर वाढला की चप्पल मोठी, तसंच हेही असणार. अण्णांनाही तेच वाटलं.

"सायेब, अकराच घ्या ना," ते म्हणाले, "लेकरू लय लहान हाय."

डॉक्टरांनी दोन्ही पाती समोर धरली. अकराचं लांबट, सुईसारख्या टोकाचं. पंधराचं नखाएवढं, कडेला गोलसर. "लहान हेच आहे, दादा."

अण्णांनी मान हलवली, पण माझ्या मनगटावरची पकड काही सैल केली नाही. काटा कधी निघाला ते आठवत नाही. त्यांच्या छातीतली धडधड माझ्या पाठीला जाणवत होती, तेवढी आठवते. ती माझीच आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते.

पंधरा नंबर किती लहान असतं, हे परवा मला पक्कं ठाऊक होतं. तरी अण्णांचा हात घट्ट धरून मी विचारलंच, "डॉक्टर, याहून लहान नाही का?"